नंबराची पट्टी

ड्रममधून तार वर ओढली तेव्हा उज्माला आधी दिसला तो तारेचा रंग. लालसर, लखलखीत, आजच दुकानातून आणल्यासारखा. मग तिनं तारेला लटकलेली लोखंडी पट्टी नळाखाली धरली, वरचा काळा चिकटा अंगठ्यानं पुसला. पट्टीवर सहा इंग्रजी आकडे असायला हवे होते. तीनच होते. ४१७. त्यापुढं, जिथं तारेचे वेढे पडले होते तिथं, लोखंड कुणी चाटून घेतल्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

तिनं पट्टी उलटून मागची बाजूही बघितली. आकडे काही तिकडं गेलेले नव्हते.

गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला अब्बा, म्हणजे इलियास मिस्त्री, जीपच्या बॉनेटवर हातोडी चालवत होते. ठक, ठक, थोडं थांबून पुन्हा ठक. उज्मानं पट्टी ओढणीत गुंडाळली. आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी अकराला जीप अंबाजोगाईला आरटीओच्या मैदानात उभी करायची होती, आणि इन्स्पेक्टर पहिली गोष्ट बघणार होते ती हीच पट्टी.

जीप शोधली होती उज्मानंच. बी.एस्सी. झाल्यापासून तिला हा नादच लागला होता. एसटीच्या खिडकीतून, शेताच्या बांधावरून, साखर कारखान्याच्या मागच्या आवारातून ती जुन्या गाड्या हेरायची आणि वहीत टिपून ठेवायची: गाडी कोणती, साल अंदाजे किती, गंज कुठं आणि किती खोल, कागद आहेत की नाहीत. परळीकडच्या गाड्यांना राखेमुळं खालून गंज धरतो, कारण राख ओल सोडत नाही. माजलगावच्या धरणाखालच्या गाड्या दारांच्या तळाशी सडतात. अशा बावन्न गाड्या तिच्या वहीत होत्या. ही जीप एकेचाळिसावी. युसूफ वडगावात आसाराम नावाच्या शेतकऱ्याच्या कडब्याच्या शेडमध्ये ती उभी होती, १९६७ची. आसारामचे वडील राधाकिशन यांनी ती एका सरकारी लिलावात घेतली होती. मोठी गोष्ट अशी, की आरसी बुक जपून ठेवलेलं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची नव्यानं नोंद करून घेता येते, हे उज्मानंच आसारामला सांगितलं होतं.

"मंजी माझ्या बापाची जीप पुन्हा रस्त्यावर?" आसारामनं विचारलं होतं.

"पुस्तकातला नंबर आणि चासीवरचा नंबर जुळला, की झालं," ती म्हणाली होती. तेव्हा किती सोपं वाटलं होतं ते वाक्य.

चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, पुढची पट्टी, जिथं नंबर ठोकलेला असतो, तिथंच जास्त सडली होती. अब्बांची पद्धत ठरलेली. सडलेला भाग काढायचा, पण नंबराचा तुकडा चारी बाजूंनी अखंड कापून घ्यायचा, साफ करायचा आणि नव्या लोखंडात त्याच जागी बसवायचा. नंबराला ग्राइंडर लावायचा नाही, ग्राइंडर आकडे खातो. त्यासाठी त्यांच्याकडं काकवीचा ड्रम होता. गुऱ्हाळावर बिघडलेली काकवी मिळते. ती नऊपट पाण्यात कालवायची आणि गंजलेला सुटा भाग त्यात बारा दिवस लटकवून ठेवायचा. गंज विरघळतो, लोखंड राहतं. ड्रमवर कायम मुंगळे असायचे आणि वास सुटायचा तो वेगळाच. पण नंबर मात्र नाण्यावरच्या छापासारखा वर यायचा.

ड्रम उज्माच्या ताब्यात होता, त्याची वहीही तीच लिहायची. पट्टी बांधलेली लोखंडी तार त्या पाण्यात दोनदा तुटली होती. तिसऱ्यांदा तिनं शहाणपणा केला. विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारीतली तांब्याची तार घेतली, वरचं वेष्टण जाळलं, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली आणि पट्टीला चार वेढे घट्ट मारले. तांबं गंजत नाही, असा तिचा हिशेब होता.

तांबं गंजत नाहीच. आंबट पाण्यात तांबं लोखंडाला चिकटलं, की लोखंडच झिजतं, आणि दुप्पट वेगानं झिजतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत यावर चार गुणांचा प्रश्न असतो. उज्माला त्यात चारपैकी चार मिळाले होते.

ठक. ठक. मग आवाज थांबला.

"पट्टी निघाली का गं?" अब्बांनी विचारलं.

"अजून थोडी राहिलीय," ती म्हणाली. अब्बांशी ती सहसा खोटं बोलत नसे, त्यामुळं तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

*

ते खोटं बुधवारी दुपारपर्यंतच टिकलं. डबा घेऊन आलेल्या आमिनाबीनं, उज्माच्या अम्मीनं, लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "ताप हाय का तुला?" तेवढ्यानं उज्माच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिनं पट्टी अब्बांच्या हातात दिली.

अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी उजेडाकडं धरली, अंगठा गुळगुळीत जागेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. मग ते उठले आणि गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं. भर दुपारी शटर ओढलेलं उज्मानं कधी बघितलं नव्हतं.

"कुणाला सांगितलं न्हाईस ना?"

"नाही."

"आसारामभौला?"

"नाही अब्बा."

अब्बा खाली बसले. त्यांच्या मनात काय चाललंय हे उज्माला न विचारता कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या अल्ताफला चौकशीला नेलं होतं. तो मोटरसायकली दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात कुणीतरी ठेवून गेलेल्या दोन गाड्यांचे नंबर घासलेले निघाले. चार दिवसांनी तो सुटला, त्याच्यावर काहीच निघालं नाही. पण त्यानं दुकान पुन्हा उघडलं नाही. आता तो बाजारात पेरू विकतो, आणि गाडीचा हॉर्न वाजला की दचकतो.

"नंबर कापलेला, नंबर पुसलेला, आन् वेल्डिंग माझं," अब्बा हळू आवाजात म्हणाले. "काकवी, तांबं हे कोण ऐकणार? बघणारा येवढंच बघतो, की मिस्त्रीनं नंबर उडवला."

संध्याकाळी उज्माचा चाचा मुबीन आला. त्याचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. त्यानं खिशातून कापडाची पुरचुंडी काढली आणि बाकड्यावर सोडली. आत आकड्यांचे पंच होते, शून्य ते नऊ.

"भाईजान, लई सोपं हाय हे," मुबीन म्हणाला. "नंबर काय, ठाऊक हाय आपल्याला. बुकात लिव्हलाय. दोन, सहा, तीन. तीन ठोके. नंबर खरा, गाडी खरी, मालक खरा. मंग चोरी कुणाची केली आपण?"

"ठोकलेलं कळतं, चाचा," उज्मा म्हणाली.

"कुणाला कळतं? तुला? तू काय आरटीओ हाईस का बे?" मुबीन हसला आणि मग जीभ चावली. पुतणीला 'बे' म्हणायची सवय त्याला लागली होती, आणि अम्मी त्यावरून त्याला नेहमी फैलावर घ्यायची.  आज मात्र अम्मी अब्बांच्या हाताकडं बघत होती. त्या हातात '२'चा पंच होता.

खरं सांगायचं तर उज्मालाही तेच हवं होतं. ठोक, आणि सुटू दे, असं तिला आतून वाटत होतं. नंबर तर खराच होता. पट्टी ऐरणीवर ठेवली गेली. अब्बांनी पंच उभा धरला. हातोडी वर गेली.

"अब्बा, एक मिनिट. फक्त एक गोष्ट दाखवते, मग ठोका."

तिला काय दाखवायचं होतं ते तिनं कॉलेजात एकदाच ऐकलं होतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले एक पाहुणे व्याख्यानाला आले होते. लोखंडावर पंच ठोकला, की खड्डा पडतोच, पण खड्ड्याखालचं लोखंडही दाबलं जातं. वरचा आकडा घासून काढला तरी खाली तो दबलेपणा उरतो. त्यावर योग्य ॲसिड फिरवलं, तर दबलेलं लोखंड वेगळ्या वेगानं झिजतं आणि गेलेला आकडा सावलीसारखा वर येतो.

कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणला, घरातलं मीठ आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड घेतलं. भंगारातल्या एका चासीच्या तुकड्यावर मुबीननं '५' ठोकला, उज्मानं तो घासून सपाट केला, आणि मुबीननं त्यावरच '९' ठोकला. तिनं तोही घासला. मग कापसाचा बोळा मिश्रणात बुडवून ती फिरवत राहिली. दहा मिनिटं काहीच नाही. मुबीन जांभया द्यायला लागला. विसाव्या मिनिटाला राखाडी लोखंडात आधी नऊ आला. मग नवाच्या पोटातून पाच.

मुबीननं जांभई अर्धीच सोडली.

"दोन आकडे एकमेकांवर," उज्मा म्हणाली. "आपण आज ठोकलं आणि कधी कुणी ही पट्टी तपासायला पाठवली, तर असं दिसेल; तोच आकडा असला तरी तो जुन्यावर तंतोतंत बसणार नाही. मग आपण नंबर परत लिहिला, असं कुणी म्हणणार नाही. जुन्यावर नवा चढवला म्हणतील."

अब्बांनी पंच कापडात परत ठेवला.  "मंग हेच कर ना आपल्या पट्टीवर. आकडे वर आण, झालं."

"आणता येतील बहुतेक. पण ते टिकत नाहीत, थोड्या वेळात विझतात. आणि प्रत्येक वेळी वरचा थर जातो. घरी एकदा काढले तर आरटीओसमोर दुसऱ्यांदा निघतीलच असं नाही." ती थांबली. "आणि घरी निघाले तर बघितलं कुणी? आपणच."

"मंजी कोरी पट्टी घिऊन आरटीओत जायचं?" अब्बांनी विचारलं.

"हो."

"आन् तिथं न्हाई निघाले तर?"

 भंगारातली पट्टी उज्मानं घासली होती ती जरा जरा, मोजून. जीपची पट्टी तांब्यानं किती खाल्ली होती हे कुणी मोजलेलं नव्हतं. दबलेला थरही खाल्ला असेल तर तिथं नुसतं लोखंड निघणार होतं.

*

शुक्रवारी जीप टेम्पोवर चढवली. पट्टी उज्माच्या मांडीवर, सुती कापडात, मिश्रणाची बाटली आणि कापूस पायाशी. टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, अब्बा, ती आणि केजला चढलेला आसाराम असे चौघं दाटीनं बसले होते. आसाराम धुतलेलं धोतर नेसून, आरसी बुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आला होता. त्याच्या बायकोनं, वत्सलाबाईनं, जीपला बांधायला झेंडूचा हार दिला होता.

केज मागं पडल्यावर अब्बांनी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, पण तार कुणी बांधली तेवढं सोडून.

 "आज सांगताव? टेम्पोत?" आसाराम म्हणाला. "कावून, इलियासभाई? बुधवारी फोन न्हवता का तुमच्यापाशी?"

"भ्यालो."

"मी बी भेलो असतो. पर माझ्या बापाचं नाव हाय त्या बुकात." त्यानं हाराची पिशवी पायाखाली सरकवली.  खड्ड्यात टेम्पो आदळला, की उज्मा पट्टी दोन्ही हातांनी धरायची.

मैदानात ट्रॅक्टर, स्कूलबस आणि काळ्या-पिवळ्या जीपड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर केकाण मॅडम चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॉर्च घेतलेल्या. जीपभोवती त्यांनी एक चक्कर मारली. "रंग मूळचा दिसतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वाकून चासीच्या पुढच्या टोकावर टॉर्च मारला. तिथं चौकोनी भोक होतं.

त्या सरळ झाल्या. "नंबर कुठाय?"

अब्बांनी उज्माकडं बघितलं. उज्मानं कापड उघडलं.

मॅडमनी पट्टी बघितली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली. त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या क्लार्कला हाक मारली, "भागवत, गेटवर सांग, ही गाडी बाहेर सोडायची नाही." मग अब्बांकडं वळल्या. "चासी कापायच्या आधी अर्ज दिला होता?"

"न्हाई, मॅडम."

"किती वर्षं झाली या धंद्यात?"

"तेहतीस."

"तेहतीस वर्षांत हे माहीत नाही झालं?"

उज्मा मध्ये बोलली. वाक्यं तुटत होती, पण तिनं क्रम सोडला नाही: काकवी, तांबं, पंचाखालचा दबलेला थर, ॲसिड. "एकदाच करता येईल," ती म्हणाली. "म्हणून घरी केलं नाही. तुमच्यासमोर करायचं होतं."

"आणि नाही निघाला तर?"

"तर नाही निघाला असं लिहा."

मॅडमनी घड्याळ बघितलं, रांग बघितली. मग आसारामकडं हात केला. "बुक बंद ठेवा. नंबर मला कुणी सांगायचा नाही. भागवत, मोबाईलवर व्हिडिओ घे. मी वाचेन ते लिहून घे."

मैदानाच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर पट्टी ठेवली. उज्मानं बारीक पॉलिश पेपरनं जागा आरशासारखी केली. प्रत्येक घासणीत थोडं लोखंड जात होतं, आणि तिला वाटत होतं की प्रत्येक घासणीत अब्बांचं काहीतरी जातंय. मग बोळा. ती डावीकडून उजवीकडं फिरवत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रांगेतले दोन ड्रायव्हर येऊन उभे राहिले. "जादू चाललीय का बे?" एकानं दुसऱ्याला विचारलं. ॲसिडचा वास नाकात शिरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त वासाचं नव्हतं. पंधरा. लोखंड नुसतं राखाडी होत होतं.

"थांबायचं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. अजून नाही."

विसाव्या मिनिटाला काहीच नव्हतं. अब्बा ओट्यापासून दूर जाऊन पाठ करून उभे राहिले. तेविसाव्याला एक बाक दिसला, नखानं ओढल्यासारखा. मॅडम टॉर्च तिरपा धरून खाली वाकल्या.

"दोन," त्या म्हणाल्या. भागवतनं लिहिलं.

मग बराच वेळ काही नाही. मग "सहा. सहाच आहे."

शेवटच्या जागेवर तारेचा सगळ्यांत घट्ट वेढा होता. तिथं उजवीकडं एक वळण आलं, त्याखाली दुसरं. डावी बाजू कोरी. उज्मा बोळा फिरवत राहिली आणि वळणं विझायला लागली.

"बस," मॅडम म्हणाल्या. "तीन. किंवा इंग्रजी आठ, डावी बाजू गेलेला." त्या उज्माकडं बघत होत्या. "तुला काय वाटतं? शास्त्र शिकलेली दिसतेस. तिनाचा आठ दिसू शकतो?"

"नाही. जे ठोकलंच नाही ते वर येत नाही."

"आणि आठाचा तीन?"

अब्बा वळून बघत होते. आसारामनं बुक छातीशी धरलं होतं. बुकात तीन होता. ती म्हणाली असती की तीनच आहे, तर मॅडमनी कदाचित तेवढंच लिहून घेतलं असतं.

"दिसू शकतो," उज्मा म्हणाली. "डावी बाजू तांब्यानं पूर्ण खाल्ली असेल तर."

मॅडमनी आता बुक मागून घेतलं, उघडलं, मिटलं. खुर्चीवर बसून त्या लिहू लागल्या. पाच अंक जुळतात, सहावा संदिग्ध, पट्टी सील करून प्रयोगशाळेत तपासणीला, वाहन ताब्यात. मग पेन थांबलं.

"हे नुकसान कुणाच्या हातून झालं? नाव लागेल."

"माझ्या," अब्बा म्हणाले.  "इलियास. गॅरेज माझं हाय."

"तार मी बांधली," उज्मा म्हणाली.

"मॅडम, ती पोर हाय, तिला काय कळतंय..."

"अब्बा, मला कळतं. मला कळायला पाहिजे होतं." ती मॅडमकडं वळली. "ड्रमची वही माझ्याकडं आहे. तारीख, तार, सगळं माझ्या अक्षरात. माझं नाव लिहा."

मॅडमनी दोघांकडं बघितलं. "तुमचं नाव चासी कापल्याबद्दल येईलच," त्या अब्बांना म्हणाल्या. मग उज्माचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं, शिक्षण विचारलं. तिनं सही केली. सही अर्ध्यात वाकडी झाली, आणि तिला वाटलं, ही माझी नाहीच असं उद्या कुणी म्हणेल.

"बोलावलं की यायचं," मॅडम म्हणाल्या. "दोघांनी." आणि पुढच्या ट्रॅक्टरकडं गेल्या.

गेटबाहेर टपरीवर आसाराम तिघांसाठी चहा सांगायला गेला. त्यानं तीन चहा सांगितले हे उज्मानं ऐकलं. अब्बा कट्ट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

"आठ निघाला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"तर पुस्तक या जीपचं नाही. लिलावात कुठंतरी कागद बदलले असतील, पन्नास वर्षांपूर्वी. आसारामकाकांच्या वडिलांनाही माहीत नसेल."

"आन् तीन निघाला तर?"

"तर कागद खरे. दोष फक्त माझा आणि तुमचा."

अब्बांनी मान हलवली. त्यांना आठापेक्षा तिनाची जास्त भीती वाटत होती, की तिनापेक्षा आठाची, हे उज्माला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. ती स्वतः हिशेब करत होती. वेढा किती घट्ट होता, किती दिवस होता, त्या आंबट पाण्यात दिवसाला किती लोखंड गेलं असेल. आकडे जुळत नव्हते, कारण सुरुवातीची जाडी तिनं मोजलेलीच नव्हती.

आसाराम तीन ग्लास घेऊन आला. त्यानं एक अब्बांच्या हातात दिला, एक तिला.

"काय म्हणत होता तुमी?" त्यानं विचारलं. "आठ-बीठ?"

अब्बांनी तिच्याकडं बघितलं. चहा गरम होता, ग्लास धरवत नव्हता, तरी उज्मानं तो खाली ठेवला नाही.

"काका," ती म्हणाली, "बसा. सांगते."